गिरिजाअक्का आणि थांबलेले तंतू

मायक्रोस्कोपसमोर बसायच्या आधी गिरिजाअक्का चपला काढून ठेवत. त्यात भक्तिभाव वगैरे नव्हता. पाय मोकळे असले की डोळा शांत राहतो, एवढंच त्यांचं म्हणणं. मग मनगटावरचं वडिलांचं मोठं घड्याळ उतरवून त्या स्टुलावर ठेवत, पदर कमरेला खोचत आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून एकाच डोळ्यानं पाहायला लागत. दुसरा डोळा मिटणाऱ्या पोरांच्या खांद्यावर पेन्सिलीचं मागचं टोक हळूच आपटे. "कण्णा, एक डोळा झोपला तर दुसरा एकटा दमतो." हे त्या तमिळमध्ये सांगत. मी जवळ असले की तेच पुन्हा माझ्याकडे वळून मराठीत.

अक्का गेल्या वर्षी गेल्या. मी आता सांगलीकडे शिकवते. आमच्याकडे स्लाइड मोठ्या पडद्यावर दिसतात, मुलं मोबाइलवर फोटो काढतात आणि पाच मिनिटांत तास संपवतात. कुणी घाई केली की माझ्या तोंडून निघून जातं, "राह की जरा, डोळा निवूं दे." मुलं एकमेकांकडे बघतात. हे कुठलं मराठी, असं त्यांना वाटत असणार. ते तंजावरचं आहे.

नवऱ्याची बँकेतली बदली तंजावरला झाली आणि शहराबाहेरच्या एका खासगी वैद्यकीय कॉलेजात मला शरीररचनाशास्त्र विभागात नोकरी मिळाली. भाषा येत नव्हती. दुपारी डबा उघडून मी आईशी फोनवर बोलायची, तेवढंच काय ते माणसासारखं बोलणं. पहिल्याच आठवड्यात फोन ठेवला आणि मागून आवाज आला.

"तूं मऱ्हाठी कां ग?"

वळून पाहिलं तर पिकल्या केसांचा घट्ट अंबाडा, हिरव्या काठाची सुती साडी. विभागात सगळे ज्यांना दबकून असत त्या गिरिजा मॅडम.

"हो. सांगलीची."

"सांगली म्हणजे कोठें? तेथें मऱ्हाठी लोक आहेत कां?"

मला आधी हसूच आलं. मग लक्षात आलं, की त्या मनापासून विचारताहेत. त्यांचं घराणं कितव्या पिढीपासून तंजावरात होतं ते त्यांनाही सांगता येत नसे. महाराष्ट्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. देवनागरी वाचता येत नव्हती. मराठी म्हणजे त्यांच्या लेखी स्वयंपाकघरात, आईशी बोलायची गोष्ट. ती रस्त्यावर बोलली जाते ही कल्पनाच त्यांना गंमतशीर वाटे.

"भाजीवाला सुद्धा मऱ्हाठीच बोलतो?"

"हो, अक्का."

"पोलीस?"

"तोही."

"आणि भांडण करायचें असलें तर?"

"भांडण तर मराठीतच!"

त्यावर त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. पुसता पुसता म्हणाल्या, "आई गेल्यावर घरांत मऱ्हाठी बोलायला कोणी नाहीं ग. भावाच्या पोरांना कळतें सगळें, पण उत्तर तमिळांत देतात." त्या दिवसापासून त्यांच्या डब्यातलं रसवांगी आणि डांगर पच्चडी निम्मं माझ्याकडे येऊ लागलं आणि माझ्याशी मराठी बोलायची त्यांची एक वेळ ठरून गेली. किल्ल्यातल्या पश्चिम वीथीत, एका सायकल दुकानाच्या वर, भावाच्या कुटुंबाबरोबर त्या राहत. लग्नाबद्दल मी एकदाच विचारलं होतं. "झालें नाहीं," असं म्हणून त्यांनी दह्यात भात कालवायला घेतला.

त्यांचं सगळं आयुष्य मज्जासंस्थेच्या पेशी पाहण्यात गेलं होतं. मेंदू, मज्जारज्जू, हातापायांत उतरणारे चेतातंतू, या सगळ्यांचे कागदाहून पातळ काप काचेवर चढवायचे, रंगवायचे आणि पाहायचे. पेशींना माणसांची नावं दिलेली त्यांना पटत नसे. "पेशी पहिल्यानें ज्याला दिसली, त्याची झाली कां ती?" परीक्षेत लागतात म्हणून ती नावं फळ्यावर एकदा लिहीत आणि मग सरळ स्वतःची नावं वापरत. लहान मेंदूतली, फांद्यांवर फांद्या पसरलेली मोठी पेशी म्हणजे 'पिसारा'. चेतापेशींना धरून ठेवणाऱ्या, चांदणीसारख्या पेशी म्हणजे 'तारका'. मेलेलं, मोडलेलं उचलणाऱ्या बारक्या पेशी त्या 'झाडूवाल्या'. आणि हातापायांतल्या तंतूभोवती गुंडाळून बसणारी, एकाच तंतूला धरून राहणारी, ती 'सोबतीण'. हे शब्द त्या तमिळ बोलतानाही मराठीतच वापरत. त्यामुळे त्या कॉलेजातून बाहेर पडलेले, मराठीचा दुसरा एकही शब्द न येणारे कितीतरी डॉक्टर आजही 'सोबतीण' म्हणतात.

शिकवायची एकच अट असे: पाहिलं नाही ते काढायचं नाही. एकदा वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीनं चेतापेशीचं फार सुरेख चित्र काढून आणलं. मधोमध केंद्रक, चहूकडे सारख्या लांबीच्या फांद्या, एक लांब शेपूट.

"हे कुठे पाहिलंस?"

"पुस्तकात, टीचर."

"मग मार्क पुस्तकाला देते," अक्का म्हणाल्या आणि कागद परत केला.

ती मुलगी म्हणजे मलर. पापनाशमजवळच्या गावातली, भातशेतीवाल्याची एकुलती लेक. त्या दिवशी ती रडली, पण दुसऱ्या दिवशी लवकर येऊन मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली. अर्धीमुर्धी, वाकडी, शेपूट तुटलेली पेशी जशी दिसली तशी काढली. अक्कांनी ती बराच वेळ निरखली आणि "सेरि," एवढंच म्हणाल्या. ठीक आहे. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाल्याचं मला आठवत नाही.

पोंगलच्या सुट्टीत मलर आणि तिची मैत्रीण दिव्या स्कूटीवरून मलरच्या गावी निघाल्या. कापणीचे दिवस होते. त्या भागात तेव्हा भात रस्त्यावरच वाळत घालतात, अर्धा रस्ता पिवळा असतो. वळणावर चाक भातावरून घसरलं आणि दोघी कालव्याच्या कठड्यावर जाऊन आदळल्या. दिव्याचा उजवा हात कोपराखाली तुटक्या पत्र्यानं चिरला, आतली मोठी नस तुटली. मलरला खरचटलंसुद्धा नव्हतं म्हणे. ती पाठीवर पडली होती. उठायला गेली आणि पाय उठले नाहीत.

दिव्याच्या हातातली नस सर्जननी शिवली. तरी अंगठा आणि शेजारची बोटं मेल्यासारखी होती. दर शनिवारी अक्का तिला विभागात बोलवून घेत, तिचा हात टेबलावर पालथा-उताणा करत आणि मनगटापासून वर, शिवणीच्या दिशेनं, एका बोटानं टकटक करत जात.

"इथे?"

"नाही, टीचर."

"इथे?"

"आई गं! मुंग्या आल्या, बोटांपर्यंत!"

तिथे अक्का बॉलपेननं ठिपका काढत. ती खूण म्हणजे शिवणीतून निघालेले तंतू आतापर्यंत कुठवर पोचले त्याची. दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर त्यांची चाल. पुढच्या शनिवारी ठिपका थोडा खाली, बोटांकडे सरकलेला असे. हे बघायला सगळा विभाग जमायचा. अक्का समजावून सांगत: तुटलेल्या जागेच्या पुढचा तंतू मरतो, पण त्याच्या सोबतिणी मरत नाहीत. त्या कचरा काढतात, रांग धरतात आणि रिकामी वाट उघडी ठेवतात. नवा तंतू त्या वाटेनं येतो. वर्ष होत आलं तेव्हा दिव्यानं डोळे मिटून, अंगठ्यानं चाचपून, अक्कांच्या साडीचा काठ ओळखला.

त्यानंतर दिव्या मलरला भेटायला तिच्या गावी गेली. तिनं त्याच उजव्या हातात कॉफीचा पेला धरला. मलरच्या वडिलांनी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते विभागाच्या दारात उभे होते. लुंगीसारखी गुंडाळलेली पांढरी वेष्टी, खांद्यावर पंचा, रापलेला चेहरा. पापनाशमहून पहिल्या बसनं आले होते. इतक्या महिन्यांत त्यांनी लेकीला कुठे कुठे नेलं होतं! तेल लावणारे, काढा देणारे, नवस. मोठे डॉक्टर 'पाहू' म्हणाले होते, आणि त्या 'पाहू'वर ते घर जगत होतं.

"अम्मा," ते अक्कांना म्हणाले, "शरीर तेच, नस तीच. त्या मुलीच्या हाताची परत येते, तर माझ्या लेकीच्या पाठीची कधी येईल? तेवढं सांगा. मी थांबायला तयार आहे."

तोवर मला तमिळ कळायला लागलं होतं. मी उठून बाहेर जाऊ लागले, तर अक्कांनी हातानंच मला बसवलं. त्यांनी त्या गृहस्थांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग कपाट उघडून दोन स्लाइड काढल्या.

त्यातली एक मी ओळखत होते, हाताच्या नसेची. दुसरी कधी पाहिली नव्हती. ती त्यांच्या तरुणपणाची होती. डॉक्टरेटच्या वेळी त्यांनी सहा-सात वर्षं उंदरांच्या मज्जारज्जूवर घालवली होती. तुटलेला मज्जारज्जू पुन्हा जुळेल का, एवढा एकच ध्यास. जुळला नाही. पदवी मिळाली, पण हवं ते मिळालं नाही. हे मला त्याच दिवशी कळलं, आणि तेही त्या मलरच्या वडिलांना सांगत होत्या म्हणून.

त्यांनी त्यांना मायक्रोस्कोपवर बसवलं. पहिली स्लाइड दाखवली. वाट, रांगेतल्या सोबतिणी, मधून जाणारे तंतू. मग दुसरी लावली. चांदीच्या रंगप्रक्रियेनं पिवळसर सोनेरी झालेला काप आणि त्यात काळ्या रेघांसारखे तंतू. एका बाजूनं येत होते, आणि मध्ये एका दाट जाळीपाशी येऊन थांबत होते. ती जाळी म्हणजे जखम भरताना तारकांनी धरलेली खपली. थांबलेल्या प्रत्येक तंतूच्या टोकाला कपाशीच्या बोंडासारखी गाठ आली होती.

"पाठीच्या कण्यात सोबतिणी नसतात, अय्या," अक्का म्हणाल्या. "तिथे दुसऱ्या पेशी असतात. त्या वाट उघडी ठेवत नाहीत. तंतू निघतात. दारापर्यंत येतात. पण आत कोणी घेत नाही."

"परत कधी?"

"आज जगात कोणाला जमलेलं नाही. उद्याचं मला माहीत नाही. तुम्ही थांबू नका."

मी मान खाली घातली. ते गृहस्थ पुष्कळ वेळ भिंगात पाहत राहिले. मग डोळा न काढताच त्यांनी विचारलं, "हे मेलेत का?"

"नाही. मरत नाहीत. वर्षानुवर्षं तसेच राहतात."

"उभे?"

"उभे."

त्यांनी पंच्यानं डोळे पुसले, भिंगावर पडलेलं पाणीही पुसलं. उभे राहिले आणि म्हणाले, "ते थांबलेत तेवढे पुरे. मी माझ्या लेकीला वर्षभर दाराशी बसवून ठेवली. तुम्ही तिला परत घ्याल का?"

ते गेल्यावर अक्कांनी दोन्ही स्लाइड पुसून कपाटात ठेवल्या. मग मला म्हणाल्या, "डॉक्टर लोक सांगत नव्हते, तें मी सांगितलें. बापाच्या हातांतलें होतें तें काढून घेतलें मी. बरोबर केलें कां ग?" उत्तर त्यांना माझ्याकडून नको होतं. नंतर मुलं आली आणि त्या उठून तासाला गेल्या.

मलरला परत घेणं सोपं नव्हतं. कॉलेजातल्या वरिष्ठांचं म्हणणं पडलं की चाकाच्या खुर्चीतून वॉर्ड कसे होणार, मुलीलाच त्रास, त्यापेक्षा दुसरं काही शिकू दे. अक्का त्या बैठकीला साडीचा काठ नीट करून गेल्या. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे त्यांना नाही म्हणायची कुणाला सवयच नव्हती. "ती कुठे पोचेल ते तुम्ही आज ठरवू नका. मायक्रोस्कोपपर्यंत येऊ द्या. पुढचं तिचे डोळे बघतील." बैठकीला जायच्या आधीच त्यांनी सुताराला बोलावून प्रयोगशाळेतल्या एका टेबलाचे पाय कापून घेतले होते. परवानगीचा कागद नंतर आला.

मलर आली ती गप्प झालेली. केस आखूड कापलेले. सगळ्या स्लाइड बघायची, पण मज्जासंस्थेची पुढे केली की हातानं सरकवून द्यायची.

"हे नको, टीचर."

"नको तर नको. लिव्हर बघ."

असे कितीतरी महिने तिनं यकृत पाहिलं, मूत्रपिंड पाहिलं, आतडी, त्वचा, सगळं. अक्कांनी एकदाही आग्रह केला नाही. मला वाटायचं, त्या विसरल्या. पण त्यांच्या जेवणाच्या वेळी मी पाहत असे. मलरच्या टेबलाकडे पाठ करून बसायच्या आणि कान तिकडे असायचे.

एके दिवशी दुपारी मलरनंच विचारलं, "टीचर, अप्पांना दाखवली होती ती स्लाइड कुठे आहे?"

अक्कांनी काढून दिली. मलर ती सगळी दुपार पाहत बसली. मग तिनं कागद ओढला आणि काढायला लागली. थांबलेले तंतू, त्यांच्या गाठी, जाळी. पुस्तकातल्यासारखं काही नव्हतं. गाठी लहानमोठ्या, काही एकमेकींवर चढलेल्या. एका गाठीतून मात्र तिनं केसाहून बारीक रेघ पुढे काढली होती. जाळीत शिरणारी.

अक्का कागद पाहून थबकल्या. स्वतः भिंगात पाहिलं. चाक फिरवलं, पुन्हा पाहिलं. चपला काढायच्याही विसरल्या होत्या.

"इकडे ये," मला म्हणाल्या. "तुला दिसतें कां?"

मी पाहिलं. काहीतरी होतं. तंतू असेल, रंगाचा ओघळ असेल, काचेवरचा ओरखडाही असेल. मी तसंच सांगितलं.

"डाग असेल," अक्का म्हणाल्या. आयुष्यभर पाहिलेली स्लाइड होती ती त्यांची. मग मलरकडे वळून विचारलं, "तू पाहिलंस?"

"हो, टीचर."

"मग राहू दे." आणि त्या खिडकीपाशी जाऊन नारळांच्या शेंड्यांकडे पाहत उभ्या राहिल्या. वळल्या तेव्हा नाक लाल झालेलं होतं.

मलर पुढे पॅथॉलॉजिस्ट झाली. तंजावरातल्या एका प्रयोगशाळेत बसते आणि लोकांच्या गाठी साध्या की वाईट ते सांगते. तिचे पाय आले नाहीत. तिच्या खुर्चीसाठी वडिलांनी घराच्या उंबऱ्यावर सिमेंटचा उतार करून घेतला.

आमची बदली झाली, आम्ही सांगलीला परतलो. अक्का निवृत्त झाल्या. फोन येत. पलीकडून आधी नुसता श्वास आणि त्यांच्या पंख्याची घरघर ऐकू येई, मग "बोल ग," असं म्हणत. स्वतः फारसं बोलत नसत. मी बाजारात काय मिळालं, कुणाशी काय बोलले, शेजारणीशी काय वाजलं ते सांगायची आणि त्या ऐकत राहायच्या. "आणखी बोल. काय पण बोल," म्हणायच्या. मला कळायचं, त्यांना माझी बातमी नको असे, आवाज हवा असे. आता घरात पंख्याचा आवाज फार झाला की मला तो फोन आल्यासारखं वाटतं.

बाहेरची परीक्षक म्हणून मला एकदा तंजावरला बोलावणं आलं. काम आटोपून एक दिवस जास्त राहिले. अक्का म्हणाल्या, मलरकडे जाऊ. तो रविवार होता, मलर घरी होती. बसनं पापनाशमला गेलो, तिथून रिक्षानं गावात. मलरच्या वडिलांनी अंगणात पाट मांडून, केळीच्या पानावर जेवू घातलं. ते आता वाकले होते. अक्कांना वाढताना सांबार पानाबाहेर गेलं. अक्कांनी ते बोटानं निपटून पानात घेतलं. निघताना वडिलांनी नारळांची पिशवी अक्कांच्या हातात ठेवली.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा अक्कांची. त्या इतक्या मोठ्यानं मराठी बोलत होत्या की पुढच्या बाकावरच्या बायका वळून बघत होत्या. लहानपणी आई केस विंचरताना काय म्हणायची, वडील जेवताना का बोलत नसत, असलं काहीबाही. मध्येच एखादा शब्द आठवेना तर माझ्याकडे बघत. मी माझा शब्द दिला तर मान हलवून "तें नव्हें" म्हणत आणि पुन्हा शोधत. मला गाडी पकडायची होती म्हणून मी पुढे स्टेशनपर्यंत जाणार होते. त्यांचा थांबा आधी आला.

त्यांनी पिशवीतले निम्मे नारळ माझ्या मांडीवर ठेवले, नको म्हणत असताना. उठल्या, कांबीला धरून दारापर्यंत गेल्या. आमच्याकडे निघताना 'येते' म्हणतात. तमिळमध्ये म्हणतात, जाऊन येते. अक्कांनी पायरीवरून वळून पाहिलं.

"जाऊन येतें."

"या," मी म्हणाले.

त्या उतरल्या. रस्त्यावर ऊन होतं, त्यांनी छत्री उघडली. मग समोरून दुसरी बस आली आणि ती गेल्यावर मला छत्री दिसली नाही.